मालक किती पराभव सोसेल?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची साखळी जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि त्या पाठोपाठच्या सोमवारी हेड कोचना नारळ मिळायला सुरुवात होते. अमेरिकेत त्या दिवसाचं नावच ‘ब्लॅक मंडे’ पडलं आहे. संध्याकाळपर्यंत वाहिन्यांवर रिकाम्या खुर्च्यांची क्रमवारी लागलेली असते: सगळ्यांत चांगली जागा कुठली, सगळ्यांत वाईट कुठली. खुर्च्या एकूण ३२. त्यांतल्या २०२४ च्या भरतीत ८ रिकाम्या होत्या, २०२५ मध्ये ७. ज्यांच्यामागे एकाच वेळी चार-पाच संघ लागतात असे उमेदवार मात्र दरवर्षी दोन-तीनच असतात. म्हणून ही क्रमवारी नुसती करमणूक नाही. हे दोघे-तिघे कुठे जातात यावर बाकीच्या संघांना काय उरतं ते ठरतं.

क्रमवारीचे निकष ठरलेले असतात आणि त्यांचा क्रमही: आधी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू), मग ड्राफ्टमधले हक्क (नवोदित खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी, क्रमाने निवडण्याचे), मग पगारमर्यादेत (खेळाडूंच्या पगारावर संघाला घातलेल्या कमाल मर्यादेत) उरलेली जागा, मग बाकीचा संघ, आणि शेवटी आठवलाच तर मालक. माझ्या मते हा क्रम उलटा लावायला हवा. हेड कोचची जागा कशी आहे हे आधी मालकावरून ठरतं, आणि मालकाबद्दल विचारायचा प्रश्न एकच आहे: हा माणूस किती पराभव सोसेल? बाकीच्या सगळ्या गोष्टी त्या उत्तरात थोडीफार भर घालतात किंवा त्यातून थोडंफार वजा करतात.

क्वार्टरबॅकला पहिला नंबर देणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. आक्रमणाचा जवळपास प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो, आणि त्यात पैशाचं गणितही आहे. ड्राफ्टमधून आलेल्या नवोदिताचा करार चार वर्षांचा असतो, त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकानुसार साधारण ठरलेली असते, आणि तो पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाच्या हातात राहतो. २०२४ मध्ये सर्वांत पहिला निवडला गेलेला केलेब विल्यम्स शिकागो बेअर्सना चार वर्षांसाठी जवळपास चार कोटी डॉलरना पडला, म्हणजे वर्षाला साधारण एक कोटी. त्याच वर्षी डॅलस काउबॉइजनी डॅक प्रेस्कॉटशी जो करार केला त्याची सरासरी वर्षाला सहा कोटी होती. त्या हंगामात प्रत्येक संघाची पगारमर्यादा होती २५ कोटी ५४ लाख. पाच कोटींचा फरक म्हणजे मर्यादेचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एवढ्या पैशात क्वार्टरबॅकपुढे भिंत धरून उभे राहणारे दोन उत्तम लाइनमन येतात.

हे सगळं खरं. तरी एक जोडी बघा. पीट कॅरल सिॲटल सीहॉक्सकडे १४ हंगाम होते आणि २०१३ च्या हंगामाचा सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, त्यांनी जिंकून दिला होता. जिनो स्मिथ क्वार्टरबॅक असताना, २०२२ आणि २०२३ मध्ये, त्यांच्या संघाने दोन्ही वर्षी ९ सामने जिंकले आणि ८ गमावले. २०२५ मध्ये कॅरल लास वेगास रेडर्सकडे गेले आणि मार्चमध्ये त्यांनी स्मिथलाही तिकडे आणवलं. कोच तोच, क्वार्टरबॅक तोच. निकाल ३-१४ (तीन विजय, चौदा पराभव), आणि हंगाम संपताच कॅरल यांची गच्छंती. सिॲटलने त्यांच्या जागी ३६ वर्षांचे माइक मॅकडॉनल्ड नेमले होते. ते आले तेव्हा त्यांच्याकडेही स्मिथच होता. पहिल्या वर्षी १०-७, दुसऱ्या वर्षी स्मिथला सोडून सॅम डार्नल्ड आणला, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सुपर बोल. म्हणजे मॅकडॉनल्ड यांची खुर्ची रिकामी असताना तिथे कोणता क्वार्टरबॅक आहे यावर जेवढी शाई खर्च झाली असेल ती वाया गेली. तिथे टिकून राहिलेली गोष्ट वेगळी होती: खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर जॉन श्नायडर, जे २०१० पासून त्याच दालनात बसतात.

रेडर्सकडे काय होतं? जॉन ग्रुडेन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये राजीनामा दिल्यानंतर मालक मार्क डेव्हिस यांनी जॉश मॅकडॅनियल्सना आणलं आणि २५ सामन्यांनंतर, ऐन हंगामात, घरी पाठवलं. अँटोनियो पिअर्स यांना हंगामी नेमणुकीतून कायम केलं आणि एका पूर्ण हंगामानंतर काढलं. मग कॅरल, तेही एक वर्ष. अशा ठिकाणी उत्तम क्वार्टरबॅक असता तरी त्याच्याभोवती संघ बांधायला वेळ कोणाला मिळणार होता?

आता पगारमर्यादेकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. ‘अमुक संघाकडे मर्यादेत इतकी जागा आहे’ हा आकडा जानेवारीत छापून येतो तेव्हा तो निम्माच खरा असतो. खेळाडूला करार करताना जो बोनस हातात मिळतो तो हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटता येतो. समजा पाच वर्षांच्या करारावर पाच कोटींचा बोनस दिला, तर दर वर्षाच्या मर्यादेत एक कोटी धरला जातो. दोन वर्षांनी त्या खेळाडूला काढलं, तर उरलेले तीन कोटी एकदम त्या वर्षाच्या खात्यावर येतात. खेळाडू गेला, पैसा राहिला. यालाच डेड मनी म्हणतात. १ जूननंतर काढलं, किंवा आधी काढून तशी नोंद केली, तर एक कोटी यंदा आणि दोन पुढच्या वर्षी. न्यू ऑर्लिन्स सेंट्ससारखे संघ वर्षानुवर्षं खेळाडूंचा मूळ पगार बोनसमध्ये बदलून आणि करारामागे खोटी वर्षं जोडून हा बोजा पुढे ढकलत आले. नवा कोच येतो तेव्हा आधीच्याने खाल्लेल्या जेवणाचं बिल त्याच्यापुढे येतं.

तरीही हे बिल जीवघेणं नसतं. डेन्व्हर ब्रॉन्कोजची २०२३ च्या जानेवारीतली जागा आठवा. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला आणायला संघाने पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन-दोन निवडी देऊन टाकल्या होत्या. विल्सनने डेन्व्हरसाठी एकही सामना खेळण्याआधी त्याचा करार पाच वर्षांनी आणि २४.५ कोटींनी वाढवला होता. नवे हेड कोच नॅथॅनिएल हॅकेट १५ सामन्यांत ४-११ अशा कामगिरीवर घरी गेले होते. कागदावर यापेक्षा वाईट जागा सापडणं कठीण. शॉन पेटन यांनी ती घेतली, आणि त्यांना सेंट्सकडून सोडवून घ्यायलाही डेन्व्हरने आणखी एक पहिल्या फेरीची निवड मोजली. वर्षभराने पेटन यांनी विल्सनला बाकावर बसवलं, मार्च २०२४ मध्ये काढलं, आणि साडेआठ कोटींचं डेड मनी दोन वर्षांत वाटून घेतलं: २०२४ मध्ये ५.३ कोटी, म्हणजे मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. त्या वर्षी बाराव्या क्रमांकावर निवडलेल्या बो निक्सला घेऊन संघ १०-७ राहिला आणि २०१५ च्या विजेतेपदानंतर पहिल्यांदा बाद फेरीत गेला. २०२५ मध्ये १४-३.

हे जमलं कशामुळे? २०२२ मध्ये ४६५ कोटी डॉलरना संघ घेणाऱ्या वॉल्टन-पेनर घराण्याने स्वतःची चूक मान्य करून तिची किंमत मोजली, आणि ती मोजत असताना कोचकडे बोट दाखवलं नाही. साडेआठ कोटींचा खेळाडू हाकलायला परवानगी देणारा मालक म्हणजे पगारमर्यादेतल्या पाच कोटींच्या मोकळ्या जागेपेक्षा मोठी संपत्ती. शिवाय कोचचा आणि त्याच्या सहायकांचा पगार मर्यादेत धरलाच जात नाही. तिथे मालक हात किती सैल सोडतो, ते त्याच्या मर्जीवर.

मालकाखालोखाल पाहायचं ते जनरल मॅनेजर. खेळाडू निवडणारा हा माणूस आणि त्यांना खेळवणारा कोच यांचं जमलं नाही तर दोघेही बुडतात, आणि सहसा कोच आधी. याचं लख्ख उदाहरण जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी जानेवारी २०२५ मध्ये दिलं. डग पेडरसन यांना काढलं, जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की यांना ठेवलं. क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स तिथे होता, पाच वर्षं आणि २७.५ कोटींच्या करारासह. हवामान उबदार, राज्याचा आयकर नाही. तरी टँपा बे बकॅनियर्सचे आक्रमणाचे कोऑर्डिनेटर (आक्रमण आखणारे सहायक कोच) लिअम कोएन यांनी दुसऱ्या मुलाखतीतून माघार घेतली आणि टँपातच वाढीव पगारावर राहायचं ठरवलं. २२ जानेवारीला जॅग्वार्सनी बाल्कींना काढलं. बघता बघता कोएन जॅक्सनव्हिलमध्ये होते. संघ तोच, क्वार्टरबॅक तोच, मालक शाहिद खान तेच. एक माणूस उठला आणि नको असलेली जागा हवीशी झाली. टँपाकडच्यांनी कोएनना बरीच नावं ठेवली. शब्द फिरवला हे खरंच आहे. पण जागेची पारख म्हणून पाहिलं तर त्यांच्या दोन्ही निर्णयांत विसंगती नव्हती. पहिल्या हंगामात जॅग्वार्सनी १३ सामने जिंकले.

इथे एक बारीक गोष्ट क्रमवारीवाले सहसा बघत नाहीत: जनरल मॅनेजर आणि कोच यांचे करार एकाच वेळी संपतात का? जनरल मॅनेजरचं एकच वर्ष उरलं असेल तर वर्षभराने नवा येणार, आणि नव्याला स्वतःचा कोच हवा असणार. टेनेसी टायटन्सनी ब्रायन कॅलहन यांना २०२४ मध्ये आणलं. पहिला हंगाम ३-१४. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी जनरल मॅनेजर रॅन कार्थन यांना काढलं आणि कॅलहनना ठेवलं. नवे माइक बोर्गोन्झी आले, ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड घेतला, आणि ऑक्टोबरात, १-५ अशी सुरुवात झाल्यावर, कॅलहन गेले. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक हाती देऊनही त्यांना सहा सामनेच मिळाले. उलट बेअर्सनी बेन जॉन्सन यांना २०२५ मध्ये नेमल्यावर जनरल मॅनेजर रायन पोल्स यांचा करारही वाढवून दोघांचा काळ जुळवून घेतला.

जॉन्सन यांच्याबद्दल आणखी थोडं. डेट्रॉइट लायन्सचे कोऑर्डिनेटर असताना २०२४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन कमांडर्सच्या शर्यतीतून माघार घेतली, तीही वॉशिंग्टनची मंडळी त्यांना भेटायला विमानात बसलेली असताना. निवड करण्याची ऐपत असलेला उमेदवार कसा थांबतो, ते यात दिसतं. शिकागोत आले तेव्हा मागच्या हंगामात विल्यम्स ६८ वेळा चेंडूसकट आडवा झाला होता, आणि साखळीतल्या त्याच चार संघांच्या गटात लायन्स १५-२, व्हायकिंग्ज १४-३, पॅकर्स ११-६ होते. गट कठीण म्हणून ती जागा खाली ढकलणारे कमी नव्हते. व्यवस्थापनाने त्याच वसंतात आक्रमक फळीच्या मध्यावर जो थनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन अशी तीन नवी माणसं आणली, आणि २०२५ मध्ये बेअर्सनी तोच गट जिंकला. गटाची ताकद दोन वर्षांत बदलते. तिला फार वजन देऊ नये.

तसंच सोयीसुविधांचं. खेळाडूंची संघटना दरवर्षी संघांना गुण देते. कॅन्सस सिटी चीफ्स त्यात तळाच्या आसपास असतानाच लागोपाठ सुपर बोल जिंकत होते. चांगला सराव-हॉल असावा, पण तो पाहून करारावर सही करू नये.

मालकाच्या सहनशक्तीचा अंदाज घ्यायचा कसा? बोलण्यावरून नाही, मुलाखतीत प्रत्येक मालक ‘आम्हाला स्थैर्य हवंय’ असंच म्हणतो. इतिहास बघावा. पिट्सबर्ग स्टीलर्सकडे १९६९ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत तीनच हेड कोच झाले: चक नोल, बिल काउअर आणि माइक टॉमलिन. नोल यांचा पहिला हंगाम १-१३ होता. पुढची दोन वर्षंही हरण्यातच गेली. मग चार सुपर बोल आले. आजच्या बहुतेक मालकांकडे नोल दुसऱ्या वर्षाच्या नाताळाच्या आत घरी बसले असते.

काउबॉइजची खुर्ची वेगळ्या कारणाने फसवी आहे. देशातला सर्वांत गाजलेला संघ, पण मालक जेरी जोन्स १९८९ पासून स्वतःच जनरल मॅनेजरही आहेत. खेळाडूंबाबत शेवटचा शब्द त्यांचा, पत्रकारांपुढेही आधी तेच. कोचच्या अधिकारांपुरतं बोलायचं तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तरीपण ज्यांना जोन्स उतावळे वाटतात त्यांनी जेसन गॅरेट यांच्याकडे पाहावं: २०१० च्या मध्यापासून २०१९ पर्यंत नऊ वर्षांहून जास्त काळ, आणि बाद फेरीत विजय फक्त दोन. माइक मॅकार्थी यांनी सलग तीन वर्षं १२-५ दिलं, त्यापुढच्या वर्षी ७-१० झाल्यावर जोन्स यांनी करार संपू दिला, तेव्हाही मधेच हाकललं नाही. अधिकार नकोत, काळ हवा असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी डॅलस वाईट नाही.

कॅरोलिना पँथर्सचे डेव्हिड टेपर हे दुसरं टोक. त्यांनी मॅट रूल यांना २०२२ च्या हंगामात मधेच काढलं, फ्रँक राइख यांना २०२३ मध्ये ११ सामन्यांनंतर. क्वार्टरबॅक ब्राइस यंगला निवडण्यासाठी त्यांनी डीजे मूर आणि चार निवडी शिकागोला दिल्या होत्या. त्यांतलीच एक पुढे २०२४ ची पहिली निवड ठरली, म्हणजे विल्यम्स. २-१५ अशा हंगामानंतर डेव्ह कनॅलेस आले तेव्हा संघाकडे स्वतःची पहिल्या फेरीची निवडही नव्हती. तरी ५-१२ नंतर टेपर थांबले, आणि २०२५ मध्ये ८-९ अशा कामगिरीवरही संघाने आपला दुबळा गट जिंकला. मालक बदलतात, पण सहसा दोन कोचचे पैसे घरबसल्या फेडून झाल्यावर.

न्यू इंग्लंड पेट्रियट्स माझ्या म्हणण्याला छेद देतात, हे टाळता येणार नाही. २०२४ मध्ये जेरॉड मेयो, तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक ड्रेक मे, निकाल ४-१३, आणि शेवटच्या सामन्याच्या दिवशीच मेयोंना निरोप. २०२५ मध्ये माइक व्रेबल, तोच मे, निकाल १४-३ आणि सुपर बोलपर्यंत मजल. रॉबर्ट क्राफ्ट यांचा उतावळेपणा संघाच्या पथ्यावर पडला. पण संघासाठी काय बरं आणि उमेदवारासाठी कोणती जागा बरी, हे दोन निराळे प्रश्न आहेत. मेयोंनी घेतली ती आणि व्रेबल यांनी घेतली ती, या खुर्च्या एकाच इमारतीत असल्या तरी एक नव्हत्या. व्रेबल हे या संघाचे माजी खेळाडू, टेनेसीत सिद्ध झालेले, आणि पगारमर्यादेत भरपूर मोकळी जागा असताना आलेले. क्राफ्ट यांना लागोपाठ दुसऱ्या वर्षी कोच काढणं परवडणारं नव्हतं. नुकतीच कोणाची एका वर्षात हकालपट्टी झालेली जागा पुढच्याला अनेकदा जास्त सुरक्षित मिळते.

म्हणून उमेदवाराने कागदावर काय मागावं, तर पाच किंवा सहा वर्षांचा हमी करार. चार वर्षांचा करार म्हणजे दुसरा हंगाम वाईट गेला की काढणं स्वस्त. ५३ जणांच्या अंतिम यादीवर शब्द कोणाचा, हे लेखी. कोऑर्डिनेटर स्वतः निवडण्याचा हक्क, आणि सहायकांनाही किमान तीन वर्षांचे करार; एकेका वर्षावर चांगले सहायक येत नाहीत. कोच थेट मालकाला उत्तर देतो की जनरल मॅनेजरमार्फत, हेही स्पष्ट. आणि हकालपट्टीनंतर नवी नोकरी लागल्यास तिचा पगार जुन्या मालकाच्या देण्यातून वजा होतो का, ते वकिलाने आधी वाचावं.

सहा वर्षांच्या कराराची किंमत ह्युस्टन टेक्सन्सनी दाखवली. डेव्हिड कली, २०२१, ४-१३, एका वर्षात बाहेर. लव्ही स्मिथ, २०२२, ३-१३-१ (एक बरोबरी), तेही एका वर्षात बाहेर. मग त्याच मालकाने, कॅल मॅकनेअर यांनी, २०२३ मध्ये डेमेको रायन्स यांना सहा वर्षं लिहून दिली. क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनच्या बदल्यात क्लीव्हलँडकडून आलेल्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी तोवर हाती येऊ लागल्या होत्या, नवा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड दुसऱ्या क्रमांकावर मिळाला, आणि पहिल्याच वर्षी संघ १०-७. कली आणि स्मिथ यांनी पडझडीच्या काळात घर राखलं. घर बांधायला बोलावलं तिसऱ्याला.

यातली अप्रिय बाब अशी की पारख करायची चैन सगळ्यांना नसते. २००३ पासून रूनी नियम आहे. आज त्यानुसार प्रत्येक संघाला बाहेरच्या किमान दोन अल्पसंख्याक किंवा महिला उमेदवारांची प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी लागते. मुलाखत सक्तीची आहे, खुर्ची चांगली असण्याची सक्ती कुठे नाही. कली, स्मिथ, मेयो, पिअर्स हे चौघेही कृष्णवर्णीय, आणि चौघांनाही त्या-त्या संघाकडे एकेकच पूर्ण हंगाम. हॅकेट आणि राइख यांना तर तोही पुरा मिळाला नाही, आणि ते गोरे आहेत. तेव्हा हा केवळ वर्णाचा हिशेब नाही. पण जॉन्सनसारखी थांबण्याची मुभा कोणाला असते आणि पहिली ऑफर नाकारली तर दुसरी येईल याची खात्री कोणाला नसते, हे बघितलं की वाईट खुर्च्यांवर कोण बसतं ते कळतं. ॲरिझोना कार्डिनल्सनी स्टीव्ह विल्क्स यांना २०१८ मध्ये ३-१३ नंतर एका वर्षात काढलं. त्या पराभवांमुळे मिळालेल्या पहिल्या निवडीवर क्वार्टरबॅक कायलर मरे आला आणि तो मिळाला क्लिफ किंग्सबरी यांना, ज्यांना टेक्सस टेक विद्यापीठाने नुकतंच काढलं होतं. किंग्सबरी यांचा पहिला हंगाम ५-१०-१ असा गेला. त्यांना चार वर्षं मिळाली.